जुन्या विंडोजवरचा शेअर केलेला प्रिंटर: बिघाड कुठे शोधावा

एका प्रिंटरवर दोन-तीन संगणकांवरून छपाई करण्याची सोय विंडोजमध्ये १९९२ पासून आहे. त्या वर्षी आलेल्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मधली मूळ रचना आजही तशीच आहे: प्रिंटर एका संगणकाला केबलने जोडायचा, त्या संगणकाने तो ‘शेअर’ करायचा आणि बाकीच्यांनी नेटवर्कमधून त्याच्याकडे काम पाठवायचे. प्रिंटर ज्याला जोडलेला असतो त्याला दुकानांत ‘मेन मशीन’ म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे. सगळे संगणक एकाच पिढीतले असतील तर ही व्यवस्था वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. एका टेबलावर एक्सपी, दुसऱ्यावर विंडोज ७ आणि तिसऱ्यावर विंडोज १० किंवा ११ अशी सरमिसळ झाली की कटकट सुरू होते.

ही सरमिसळ ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नेहमीची आहे. कल्याण–कसारा मार्गावर खडवली आणि आसनगावच्या मधल्या वाशिंदसारख्या गावात झेरॉक्सचे दुकान, सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेचे कार्यालय या सगळ्यांची गत सारखीच. नवा संगणक घेतला जातो तो पोर्टलसाठी. सरकारी संकेतस्थळांना नवा ब्राउझर लागतो, आणि क्रोमने एक्सपीला २०१६ मध्ये, विंडोज ७ ला २०२३ च्या सुरुवातीला रामराम केला. जुना संगणक मात्र जागचा हलत नाही. त्याच्यावर फॉक्सप्रोच्या काळातला हिशेबाचा किंवा सभासदांचा प्रोग्राम असतो. तसले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये निघालेलेच नाही. शिवाय त्याला जोडलेला एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनॉन एलबीपी २९०० उत्तम चालत असतो. टोनर रिफिल स्वस्त, सुटे भाग सहज मिळणारे. मग सातबारा नव्या मशीनवर उतरतो, प्रिंटर जुन्याला असतो, आणि मधल्या दहा फुटांत प्रिंट अडकते. दाखल्यांची गर्दी जूनमध्ये, दहावी-बारावीच्या निकालानंतर होते, त्यामुळे हा बिघाड लक्षात येतो तोही बहुधा जूनमध्येच.

अशा वेळी ‘फॉरमॅट मारू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या सेटिंगांसोबत चालत असलेले शेअरिंगही जाते आणि मूळ दोष, म्हणजे दोन पिढ्यांमधली तफावत, जागच्या जागी राहते. तपास प्रिंटरपासून सुरू करून एकेक पायरी बाहेर यावे: आधी मेन मशीन, मग तार आणि पत्ता, मग नाव, मग परवानगी, मग ड्रायव्हर. कोणत्या पायरीवर काम थांबते ते कळले की अर्धी दुरुस्ती झालेली असते.

मेन मशीनवर शेअर केलेल्या चिन्हावरून टेस्ट पेज निघते का, हे सर्वांत आधी पाहायचे. ते निघत नसेल तर नेटवर्कचा काही संबंध नाही. पावसाळ्यात दमट कागद रोलरला चिकटून अडकतो, आणि तरीही कोणीतरी पलीकडच्या मशीनवर ड्रायव्हर टाकत बसलेले असते. टेस्ट पेज निघत नसण्याची दोन कारणे फार आढळतात. पहिले, क्यू अडकलेली असते. वीज मध्येच गेली की अर्धवट राहिलेले काम क्यूमध्ये ‘डिलीटिंग’ असे लिहून बसते आणि मागच्या सगळ्यांना रोखून धरते. उपाय ठरलेला आहे: सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम ३२ फोल्डरातल्या ‘स्पूल’मधले ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर उघडून आतल्या फायली काढून टाकायच्या आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. प्रत्येक कामाच्या तिथे दोन फायली असतात, एकीत मजकूर आणि दुसरीत कामाची माहिती, दोन्ही काढाव्यात. फोल्डर मात्र काढू नये.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. झाडझूड करताना प्रिंटरची यूएसबी पिन निघते आणि शेजारच्या खाचेत बसवली जाते. विंडोजच्या लेखी हा बऱ्याचदा नवा प्रिंटर ठरतो: त्याच नावापुढे ‘कॉपी १’ असे लावून दुसरे चिन्ह तयार होते. आता चालू पोर्ट यूएसबी ००२ असतो, शेअर केलेले जुने चिन्ह मात्र यूएसबी ००१ कडेच काम पाठवत राहते. मेन मशीनवर बसलेला नव्या चिन्हावरून छापतो, त्याची प्रिंट निघते. बाकी सगळ्यांना प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. जुन्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ या पानावर चालू पोर्टवर खूण केली की दोन मिनिटांत काम होते. पिन नेहमी त्याच खाचेत बसावी म्हणून खाचेवर रंगाचा ठिपका देणे हा याहून सोपा उपाय. प्रिंटरच्या मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ ही खूण चुकून पडलेली नाही ना, आणि मेन मशीन काही मिनिटांनी झोपी जात नाही ना, हेही बघून घ्यावे. झोपलेला संगणक कोणाचेच काम घेत नाही.

पुढची पायरी तारेची. दोन्ही संगणक एकमेकांना दिसतात का, हे ‘पिंग’ मारून कळते. दोघांचेही पत्ते एकाच मालिकेतले असावे लागतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.२०. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, स्विच किंवा नेटवर्क कार्ड तपासावे. दुकानांत याहून जास्त सापडणारा दोष म्हणजे दोन राउटर. ब्रॉडबँडवाला एक बसवून जातो, वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून मालक दुसरा आणतो आणि पहिल्यातून आलेली तार दुसऱ्याच्या ‘वॅन’ खाचेत खोचतो. त्या क्षणी दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. इंटरनेट दोन्हीकडे झकास चालते, त्यामुळे शंका कोणालाच येत नाही; पण पुढच्या राउटरवरच्या संगणकाला मागचे प्रिंटर दिसत नाहीत. दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटणे, म्हणजे डीएचसीपी, बंद करून आणि त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता देऊन तार ‘लॅन’ खाचेत लावली की तो निव्वळ स्विचसारखा वागतो. ‘गेस्ट’ वायफायवर जोडलेला लॅपटॉपही असाच वेगळा पडतो, कारण गेस्ट नेटवर्कचे कामच पाहुण्याला घरातल्या संगणकांपासून दूर ठेवण्याचे.

‘काल चालत होते, आज नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा बदललेला पत्ता असतो. वीज जाऊन आली, राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि मेन मशीनचा नंबर बदलला. मेन मशीनला कायमचा पत्ता देणे हे या साऱ्या खटाटोपातले सर्वांत फायद्याचे काम आहे. मेन मशीन एक्सपीवर असेल तर पत्ता देताना ‘डीफॉल्ट गेटवे’ची चौकट रिकामी सोडावी. तो संगणक मग खोलीतल्या बाकीच्यांशी बोलतो, बाहेर इंटरनेटवर मात्र जाऊ शकत नाही. आणि एक्सपीने बाहेर न गेलेलेच बरे.

पत्त्याने पिंग लागते आणि नावाने लागत नाही, असेही होते. जुन्या विंडोजमध्ये ‘नेटवर्क नेबरहूड’ किंवा ‘माय नेटवर्क प्लेसेस’मध्ये दिसणारी संगणकांची यादी ‘कॉम्प्युटर ब्राउझर’ नावाची सेवा बनवते. नेटवर्कमधला एक संगणक यादी सांभाळणारा म्हणून निवडला जातो आणि बाकीचे ठराविक काळाने, सुरळीत चालू असताना दर १२ मिनिटांनी, आपली हजेरी त्याच्याकडे लावतात. त्यामुळे नुकताच सुरू केलेला संगणक यादीत लगेच दिसेलच असे नाही, आणि बंद केलेला अर्धा-पाऊण तास दिसत राहू शकतो. यादीत नाव नसणे हा बिघाडाचा पुरावा नव्हे. ‘रन’मध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे मेन मशीनचा पत्ता लिहून पाहावा, शेअर केलेला प्रिंटर उघडला तर जोडणी ठीक आहे, फक्त नाव हरवले आहे. एक्सपी होमचा मूळ वर्कग्रुप ‘एमएसहोम’ होता, बाकीच्यांचा ‘वर्कग्रुप’. तो सर्वांवर एकच ठेवला की याद्यांचा घोळ मिटतो. संगणकाचे जुन्या पद्धतीचे नाव १५ अक्षरांपलीकडे जात नाही. शेअरचे नाव आठ अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावे. डॉसच्या प्रोग्रामांना त्यापुढचे कळत नाही.

परवानगीच्या पायरीवर सर्वाधिक वेळ जातो. एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक ऑगस्ट २००४ मध्ये आला तेव्हापासून फायरवॉल आपोआप सुरू असते आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला तिच्यात वेगळी मोकळीक द्यावी लागते. विंडोज व्हिस्टापासून जोडणीचा प्रकारही महत्त्वाचा ठरला: ‘पब्लिक’ म्हटले की शेअरिंग बंद, ‘होम’ किंवा ‘वर्क’ म्हटले की चालू. राउटर बदलला की विंडोज पुन्हा विचारते आणि समोरचा माणूस घाईत ‘पब्लिक’वर टिचकी मारून मोकळा होतो. यांच्या जोडीला पासवर्डचा प्रश्न आहे. एक्सपी प्रोफेशनलपासून असा नियम आहे की ज्या खात्याला पासवर्ड नाही, ते खाते नेटवर्कमधून वापरता येत नाही. दुकानांतल्या बहुतेक मशीनांना पासवर्ड नसतोच, म्हणून पलीकडून ‘लॉगऑन फेल्युअर’ येते. सुरक्षा सैल न करता यातून बाहेर पडायचे तर मेन मशीनवर छपाईपुरते एक साधे खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि बाकीच्या मशीनांवर तो ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये एकदा साठवून ठेवावा. तो पासवर्ड कधी बदलला तर साठवलेली जुनी नोंदही काढावी लागते, नाहीतर विंडोज न विचारता जुनाच पासवर्ड पाठवत राहते आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ येत राहते.

आणखी एक मर्यादा फारशी कोणाला ठाऊक नसते. एक्सपी प्रोफेशनल एका वेळी १० जोडण्या घेते, एक्सपी होम फक्त ५, विंडोज ७ मध्ये हा आकडा २० आहे. शाळेच्या संगणक कक्षात एक्सपीवरचा प्रिंटर अकराव्या संगणकाला दिसत नाही तेव्हा बिघाड कुठेच नसतो.

इथवर सगळे जुळले तरी ड्रायव्हर आडवा येतो. शेअर केलेला प्रिंटर जोडताना पाहुणा, म्हणजे पलीकडून छापणारा, संगणक ड्रायव्हर मेन मशीनकडूनच मागतो. मेन मशीन ३२-बिट एक्सपी आणि पाहुणा ६४-बिट विंडोज १० असला तर मागितलेली वस्तू मेन मशीनकडे नसते. शेअरिंगच्या पानावर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ असते, पण जुन्यावर नव्याचा ड्रायव्हर चढवणे सहसा जमत नाही. त्याऐवजी अनुभवी कारागीर वापरतात ती युक्ती अशी: पाहुण्या संगणकावर ‘नेटवर्क प्रिंटर’ न जोडता ‘लोकल प्रिंटर’ जोडायचा, नवा पोर्ट बनवताना ‘लोकल पोर्ट’ निवडायचा आणि पोर्टच्या नावाच्या जागी प्रिंटरचा शेअरचा पूर्ण मार्ग, मेन मशीनच्या नावासकट, लिहायचा. ड्रायव्हर पाहुण्याने स्वतःचा टाकायचा. मेन मशीनकडे मग तयार काम जाते, ते फक्त पुढे ढकलायचे उरते. डॉसच्या प्रोग्रामांसाठी हेच काम ‘नेट यूज’ या आदेशाने होते: एलपीटी १ हा पोर्ट शेअर केलेल्या प्रिंटरकडे वळवायचा. पतसंस्थेतले एप्सन एलएक्स किंवा टीव्हीएस एमएसपी जातीचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अशा वळवलेल्या पोर्टवर अजून पासबुके छापतात.

यापलीकडचे बिघाड मायक्रोसॉफ्टच्या अपडेटांनी आणलेले आहेत, आणि त्यांच्यात मेन मशीन किंवा पाहुणा कोणाचीच चूक नसते. एक्सपीला शेअरिंगची एकच भाषा येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, तिसरी विंडोज ८ बरोबर. पहिल्या आवृत्तीतल्या दोषावर पॅच १४ मार्च २०१७ रोजी निघाला होता. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषातून जगभर धुमाकूळ घातला आणि एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी खास पॅच काढावा लागला. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने मेर्स्क कंपनीची यंत्रणा बंद पाडली तेव्हा न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचेही काम ठप्प झाले होते. त्या वर्षीच्या शरदातल्या अपडेटपासून विंडोज १० मधून पहिली आवृत्ती टप्प्याटप्प्याने काढली गेली. होम आणि प्रोमध्ये सुरुवातीला तिचा पाहुण्याकडचा अर्धा भाग शिल्लक होता, पण १५ दिवस वापर झाला नाही तर तो आपोआप निघून जाई. शाळेच्या सुट्टीत संगणक चालू राहिला पण प्रिंट काढली गेली नाही, तर सुट्टीनंतर छपाई बंद पडण्याचे एक कारण हे असू शकते.

‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करता येते, आणि दुरुस्तीवाले तेच करतात. यात एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रिंटर एक्सपीला असेल तर विंडोज १० वर फक्त ‘क्लायंट’ हा भाग पुरतो. प्रिंटर विंडोज १० ला असेल आणि एक्सपीवरून छापायचे असेल तर ‘सर्व्हर’ भाग उघडावा लागतो. म्हणजे पोर्टल, बँक, ग्राहकांचे आधार क्रमांक ज्या मशीनवर आहेत त्याच मशीनचे दार जुन्या किल्लीला उघडे ठेवायचे. हा दुसरा प्रकार टाळावाच.

२०२१ मध्ये दुसरी लाट आली. स्पूलरमधला ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला उघड झाला आणि ऑगस्टच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घेण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी सक्तीची झाली. सप्टेंबरच्या अपडेटने आणखी एका जुन्या दोषावरचा बंदोबस्त सक्तीचा केला, आणि ज्याच्या शेवटी ‘११बी’ येते तो एरर घरोघर पोचला. अर्थ इतकाच की मेन मशीन आता जोडणी सांकेतिक स्वरूपात मागते आणि अपडेट न झालेल्या पाहुण्याला ती देता येत नाही. दोन्ही मशीनांवर उपलब्ध असलेली सगळी अपडेट चढवणे हा खरा उपाय. रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करून ही सक्ती मोडता येते, ती कृती पाठ असलेले कारागीर पुष्कळ आहेत; पण तिने दुरुस्त केलेला दोष पुन्हा उघडा पडतो. अपडेटच काढून टाकणे त्याहून वाईट, कारण विंडोज ते पुढच्या महिन्यात परत बसवते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून छपाईचे बोलणे ‘नेम्ड पाइप’ ऐवजी सरळ टीसीपीवरून होते. जुन्या विंडोजशी त्याचे जमत नाही आणि शेवटी ‘७०९’ असलेला एरर येऊ शकतो. ग्रुप पॉलिसीत छपाईच्या आरपीसी जोडणीसाठी नेम्ड पाइप निवडला की बहुधा काम होते.

या सगळ्या भानगडीतून सुटण्याची खरी वाट विंडोजचे शेअरिंगच मधून काढून टाकण्याची आहे. युनिक्सच्या जगातून आलेली एलपीडी–एलपीआर ही छपाईची पद्धत विंडोजमध्ये वर्षानुवर्षे पडून आहे. एक्सपीत ती ‘प्रिंट सर्व्हिसेस फॉर युनिक्स’ म्हणून मूळ सीडीवरून बसवता येते, विंडोज ७ आणि १० मध्ये ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत मिळते. मेन मशीनवर एलपीडी सेवा, पाहुण्यावर एलपीआर पोर्ट. मध्ये ना एसएमबी, ना ११बी. पासवर्ड तपासण्याची सोयही तीत नाही, म्हणून ती आतल्या नेटवर्कपुरतीच ठेवावी. मर्यादा प्रिंटरच्या बाजूने येते. एलबीपी २९०० सारख्या कॅनॉनच्या प्रिंटरांना संगणकाशी सतत दुतर्फा बोलावे लागते, एकतर्फी वाहणाऱ्या एलपीआरवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. डॉट मॅट्रिक्सची मात्र काहीच तक्रार नसते. यूएसबीला लॅनवर नेणारी छोटी ‘प्रिंट सर्व्हर’ पेटी घेण्याचा मोह होतो, पण लेझरजेट १०२० ला प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर स्वतःचे फर्मवेअर संगणकाकडून घ्यावे लागते. साध्या पेटीला ते देता येत नाही, आणि प्रिंटर हिरवा दिवा लावून ढिम्म बसतो.

लॅनची स्वतःची खाच असलेला जुना प्रिंटर मिळाला तर प्रश्न मुळातच संपतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे वापरलेले प्रिंटर मिळतात. प्रत्येक संगणकाने ‘स्टँडर्ड टीसीपी–आयपी पोर्ट’ बनवून थेट ९१०० क्रमांकाच्या दारावर काम टाकायचे. मेन मशीन चालू असण्याचीही गरज उरत नाही. प्रिंटर छापतो पण ‘ऑफलाइन’ दिसतो असे झाले तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढावी.

मराठी मजकुराचा एक वेगळा त्रास आहे. एक्सपीत देवनागरी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची सोय कंट्रोल पॅनेलमधून वेगळी बसवावी लागते, ती आपोआप नसते. पडद्यावर अक्षरे बरोबर आणि कागदावर चौकोन किंवा सुटी वेलांटी, असे झाले तर ड्रायव्हरमध्ये मजकूर ‘ग्राफिक्स’ म्हणून छापण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा, किंवा आधी पीडीएफ करून ती ‘प्रिंट ॲज इमेज’ने छापावी. वेळ जास्त लागतो, दाखला मात्र शुद्ध निघतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतल्या फायली फाँट नसलेल्या मशीनवर उघडल्या तर अक्षरांचा कचरा दिसतो. त्याचा प्रिंटरशी संबंध नाही.

कल्याणहून माणूस येईपर्यंत वाशिंदच्या दुकानाचा अर्धा दिवस जातो, रेल्वे नसलेल्या मुरबाडला त्याहून जास्त. म्हणून मेन मशीनचे नाव आणि पत्ता, शेअरचे नाव, छपाईच्या खात्याचे नाव आणि चालू यूएसबी पोर्टचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती प्रिंटरमागच्या भिंतीवर लावावी. पासवर्ड तेवढा चिठ्ठीवर नको, तो मालकाकडे असावा. ज्या ड्रायव्हरवर प्रिंटर आज चालतो, त्याचे ३२ आणि ६४-बिट दोन्ही सेटअप पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, आणि बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे हळूहळू बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केले आहे.